अकरा मिनिटांचा बाक

भाऊ, आज दुपारी तुम्ही सतरा वेळा बाकावर येऊन बसलात. मी माउस मागे ओढला की तुम्ही उठता, उलटे चालत दाराबाहेर जाता, पायरीवर चपला घालता आणि उन्हात नाहीसे होता. पुढे सोडला की परत येता, चपला काढता, टोपी मांडीवर ठेवता आणि बसता. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. शेलूबाजारच्या माझ्या दुकानात मात्र तुमचं येणं-जाणं चालूच आहे. शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, हायवेवरून ट्रक गेला की काच थरथरते, आणि हेडफोनमध्ये तुमचा खोकला येतो. काल मी "पाणी देऊ का, भाऊ?" म्हणून ग्लास घेऊन उठलोसुद्धा. उठल्यावर कळलं आणि मग ते पाणी मीच पिऊन टाकलं.

तेहतीस वर्षं पोलिसात काढून तुम्ही जमादार म्हणून सुटलात, त्या निरोप समारंभाचं शूटिंग माझ्याकडे होतं, ती आपली ओळख. पेनड्राइव्ह न्यायला तुम्ही कामरगावहून कारंज्याला आणि कारंज्याहून जीपनं माझ्याकडे आलात. पेनड्राइव्ह खिशात घातला, पण गेला नाहीत. भिंतीवरचे नवरदेव-नवरीचे फोटो बघत उभे राहिलात.

"गजू, तुले सिनेमा काढता येते का?"

"मी लग्नं काढतो, भाऊ."

"मंग लग्नच हाये समज. नवरदेव ठाणेदार अन् नवरी टिप्परवाला. दोघायचं जुळलं, अन् मंधातल्या मंधात एक गरीब मेला."

मी हसलो. तुम्ही पिशवीतून तीन रजिस्टरं काढून काउंटरवर ठेवलीत, तेव्हा हसू थांबलं. तिन्ही कोपऱ्यापर्यंत लिहिलेली होती. तेव्हा माझं दुकान मोडीत निघाल्यासारखंच होतं. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल आला होता, आणि मोठ्या लग्नांना लोक अकोल्याहून ड्रोनवाले बोलवायला लागले होते. तुम्ही मला दोन वर्षं माणसांत ठेवलंत, भाऊ. दर गुरुवारी डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायचात, आणि ठेचा तिखट झाला म्हणून वहिनींना माझ्यासमोर नावं ठेवायचात. हे तुम्हाला एकदाही सांगितलं नाही, की बुधवारपासूनच मला बरं वाटायला लागायचं.

आपला सिनेमा लांबला याचं खापर तुम्ही माझ्यावर फोडायचात आणि मी तुमच्यावर. खरं सांगायचं तर दोघेही बरोबर होतो. तुम्ही जन्मभर पंचनामे लिहिले, त्यामुळे सिनेमाचे प्रसंगही तसेच लिहिलेत. 'जागेची चतुःसीमा : पूर्वेस डांबरी रोड, पश्चिमेस बाभळीचे झाड, उत्तरेस चहाची टपरी, दक्षिणेस पडीत जमीन.' मग मला चारही दिशा शूट कराव्या लागायच्या, नाहीतर जागा शाबीत होत नाही असं तुमचं म्हणणं. आणि माझा धंदा लग्नाचा. आमच्या मिक्सिंगमध्ये, म्हणजे कापाजोडीत, एकच कायदा : जो लग्नाला आला, तो दिसला पाहिजे. एकदा एका मामाचा आहेर माझ्याकडून कापला गेला होता, तर ते घर दोन वर्षं माझ्या दुकानासमोरून मान फिरवून गेलं. मग आपल्या सिनेमात ज्यानं ज्यानं तोंड दाखवलं, त्याला मी कापणार कसा? पंचनामेवाला आणि लग्नवाला एका जागी बसले आणि पोलिसांच्या भ्रष्टाचारावर तीन तास बावन्न मिनिटांचा सिनेमा तयार झाला. नाव तुम्हीच ठेवलंत, 'काम झालं समजा'. साहेब लोक रोज हेच म्हणायचे, म्हणालात.

काय दिवस होते ते. ठाणेदाराच्या कामाला रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर मिळाले. माणूस इतका गोड, की आरोपीला दटावतानाही तोंडातून "बाळा" निघायचं. तुम्ही कपाळाला हात लावायचात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "राहू दे, गजू. खरे खाणारे बी असेच गोड बोलतात." मास्तर दुखावले, आणि नंतर आपल्या घरी सगळ्यांना सांगत सुटले की जमादारांनी माझ्या कामाची तारीफ केली.

वर्दीतला माणूस तुम्ही स्वतः करणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. वर्दी अजून अंगाला येत होती. तुम्ही मात्र टिप्परखाली गेलेल्या मुलाच्या बापाचं काम घेतलंत. सबंध सिनेमात त्या बापाला धड चार वाक्यं नाहीत. तो रिपोर्ट द्यायला ठाण्यात येतो, आणि साहेबाचं टिप्परवाल्याशी आधीच ठरलेलं असल्यामुळे त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवतात. एवढंच.

"काहून, भाऊ?" मी विचारलं होतं.

"वर्दी लय घातली," म्हणालात.

बाकाच्या शूटिंगच्या दिवशीचं सगळं मला आता धुक्यातून पाहिल्यासारखं आठवतं. जुन्या गोदामात आपण ठाणं उभं केलं होतं. शाळेतून आणलेला बाक तुम्ही स्वतः दोनदा सरकवलात. कॅमेरा टेबलामागं, लिहिणाऱ्या पोलिसाची खुर्ची असते तिथंच लावायला सांगितलात. मी म्हटलं, भाऊ, लिहिणारा पोलीस तर पाहिजे ना कोणीतरी. तुम्ही म्हणालात, "हाये. दिसत नाई." मला ती तुमची थट्टा वाटली. कॉलरला माईक लावून दिला. तुम्ही बसलात. आणि मी लग्नवाला माणूस. सत्यनारायणाची पोथी लागली की आम्ही कॅमेरा स्टँडवर सोडून जेवून येतो. तसाच टपरीवर चहाला निघून गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याजवळ उभे होतात. बटण तुम्हाला सापडलं नव्हतं.

अकरा मिनिटं. एक माणूस बाकावर बसलेला. दारातून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू त्याच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत येतं. मधे एकदा आवाज येतो, "बसा जरा, साहेब येऊन राह्यले." तो आवाज मी नंतर दुकानातच भरला, माझाच आहे. दुसरं काही घडत नाही.

यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, चाळीस सेकंदांत लोकांना कळते माणूस ताटकळला ते. मी म्हणायचो, लोक उठून जातील, भाऊ, मुतारीला गेलेला माणूस परत येणार नाही. तुम्ही मास्तरांचं भाषण कापू दिलंत, चतुःसीमा कापू दिल्यात, टिप्परचे हेडलाइट कापू दिलेत. बाकाला हात लावू दिला नाहीत. शेवटी एका गुरुवारी ठेचा तसाच ठेवून म्हणालात, "अरे, तो दिवसभर बसला होता. मी त्याले अकरा मिनिटावर आणला. अजून किती कमी करू?" मला वाटलं, सिनेमातल्या बापाबद्दल बोलताय. मी म्हटलं, ठीक आहे, राहू द्या. आणि मनात दुसरंच ठरवलं.

कामरगावच्या मंगल कार्यालयात रविवारी दुपारी पहिला खेळ ठेवला होता. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. कार्यालयवाल्यानं बजावलं होतं की पाच वाजता हळद आहे, पाचला हॉल मोकळा पाहिजे. आदल्या दिवशी दुकानात बसून मी बाकाचा प्रसंग चाळीस सेकंदांचा केला. तुम्हाला विचारलं नाही. हॉलच्या वेळेचं कारण माझ्याकडे तयार होतं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे, की मला लोकांनी हसायला नको होतं. तुम्हाला नाही, मला.

प्रसंग आला आणि गेला. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. मागे वळून प्रोजेक्टरजवळ मी उभा होतो तिथं बघितलंत. उजेड माझ्या डोळ्यांवर होता, तुमचा चेहरा मला दिसला नाही. मग तुम्ही परत पुढे तोंड केलंत. शेवटी टाळ्या झाल्या, मास्तरांच्या बायकोनं डोळे पुसले. बाहेर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "चांगलं झालं, गजू. टायमात झालं." मी खूश झालो, भाऊ. इतका मूर्ख, की खूश झालो.

त्यानंतरचे पाच गुरुवार तुम्ही आला नाहीत. फोनवर म्हणायचात, अंगात कसर आहे, पुढच्या हप्त्यात येतो. मी रोज ठरवायचो की आज सांगून टाकू, मी कापलं म्हणून. पण जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, ते सांगणार काय? माफी मागायला तोंड लागतं. मी म्हणायचो, या तर खरं, समोर बसून बोलू. आणि मग एका सकाळी वहिनींचा फोन आला.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ती मूळ फाइल उघडली. तुम्हाला पुरतं अकरा मिनिटं बसलेलं बघावं, एवढंच मनात होतं. अकरा मिनिटं संपली तरी चित्र पुढे चालतच होतं. लग्नात आम्ही कामाचा तुकडा उचलतो, शेपटाकडं कोणी बघत नाही. मीही दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. तुम्ही टोपी मांडीवरून उचललीत, आणि बाकावर शेजारी जी रिकामी जागा होती तिच्याकडे वळलात.

"काका," तुम्ही म्हणालात, "तुमी असेच बसेल होते. अन् मी त्या खुर्चीवर. साहेबानं सांगतलं होतं, इंझोरीवाल्याचं लिहायचं नाई. मंग मी दिवसभर काय लिहून राह्यलो होतो? कायीच नाई, काका. रेघा मारून राह्यलो होतो. तुमी पाहून राह्यले होते म्हणून मान वर नाई केली."

 ऊन अंगठ्यावरून घोट्यावर आलं. "झालं, गजू. बंद कर," म्हणालात. गजू तिथं नव्हता, तो टपरीवर होता. तुम्ही उठून कॅमेऱ्याकडे आलात, तुमचा चेहरा मोठा होत गेला, चष्म्याच्या काचेत दार दिसलं, बटण शोधता शोधता अंगठा काचेवर आला आणि सगळं काळं झालं.

त्याच दिवशी मी कामरगावला वहिनींकडे गेलो. इंझोरी गावचे ते काका कोण, विचारलं. वहिनी भांडी घासत होत्या. थांबल्या नाहीत.

"ते तर मेले कवाचेच," त्या म्हणाल्या. "त्यायची पोरगी हाये, शोभा. अंगणवाडीत हाये तिकडंच. यायनं सिनेमाची पत्रिका सोता नेऊन देली तिले. आली होती ना थ्या दिवशी. तिसऱ्या रांगेत बसेल होती, हिरव्या साडीवर. जीपवर सोडाले हेच गेले होते."

मला ती बाई आठवली. सिनेमा संपायच्या आधीच उठलेली, पदर सावरत दाराकडे जाणारी, आणि तिच्यामागे तुम्ही. मला तेव्हा वाटलं होतं, कंटाळली. भाऊ, तुम्ही त्या एका बाईसाठी सिनेमा काढला होतात. बाकीचे साडेतीन तास तुम्ही त्या अकरा मिनिटांभोवती बांधले, भाकर उन्हात वाळू नये म्हणून फडकं गुंडाळतात तसे. आणि मी फडकं ठेवलं, भाकर काढून फेकली.

तुम्ही मला का रागावला नाहीत हे मी पुष्कळदा मनात घोळवलं. कधी वाटतं, तुम्ही थकला होतात. पण जास्त करून वाटतं की तुम्ही स्वतःशी म्हणाला असाल, आपण त्यांचं लिहिलं नाही, यानं आपलं दाखवलं नाही, फिटंफाट. मला ही फिटंफाट मान्य नाही. ज्या जमादारानं माझ्याशी ठेच्याच्या मिठावरून अर्धा तास वाद घातला, त्यानं एवढ्या मोठ्या गोष्टीवरून गप्प बसावं हे मला अजून पटत नाही. तुमच्यावर माझा तेवढा राग आहे आणि तो मी राखून ठेवणार आहे.

परवा शोभाताईंना फोन केला. काल दुपारी त्या आल्या. तुम्ही बसायचात त्याच खुर्चीवर बसवलं, शटर खाली ओढलं. आधी सांगून टाकलं, "ताई, त्या दिवशी तो प्रसंग मी कापला होता. भाऊंना न विचारता."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी?" म्हणाल्या. "मले वाटलं, त्यायनंच काढून टाकला. घरी येऊन सांगून गेले होते, तुह्या बाबाले बसवलं त्या ठाण्यात मी होतो, सिनेमात सारं दाखवलं हाये, येऊन पाय.  अन् सिनेमात पाह्यतो तं बाबा आले अन् गेले, बस. म्हटलं, भेला माणूस. जीपमध्ये बसतांनी मी बोललीसुदिक नाई त्यायच्यासंग."

मी आवाज भरलेल्या प्रसंगाला ते शेपूट जोडून ठेवलं होतं, ते चालू केलं आणि बाजूला उभा राहिलो. शोभाताई अकरा मिनिटं हलल्या नाहीत. हायवेवर ट्रक जात होते, पडद्यावर ऊन सरकत होतं, आणि मधेच माझाच आवाज त्यांना म्हणाला, बसा जरा, साहेब येऊन राह्यले.  मग तुम्ही रिकाम्या जागेकडे वळलात आणि बोललात. अंगठा काचेवर आला. काळं झालं.

त्या म्हणाल्या, "बाबा मरेपर्यंत एकच सांगे. साहेब वाईट होता, पण एक जण खुर्चीवर बसून दिवसभर माह्यं लिहून राह्यला होता. मान बी वर नाई केली म्हणे, इतकं मन लावून. बाबाले वाटे, कागदावर तं हाये आपलं. कवा ना कवा निघंल."

भाऊ, हे तुम्हाला कळायला हवं होतं की नको होतं, मला काल रात्रीपासून ठरवता येत नाही. तुमच्या रेघांवर तो माणूस जगला. यानं तुम्हाला थोडं हलकं वाटलं असतं की छातीवरचा धोंडा आणखी जड झाला असता? तुम्ही असतात तर यावर आपण पाच-सहा गुरुवार भांडलो असतो. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

मी शोभाताईंना विचारलं, आता काय करू? शेवटचं बोलणं ठेवू की काढू? त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"आता कापू नोका," म्हणाल्या. "अन् एकडाव परत लावा."

परत लावलं. या खेपेला त्या तुमच्याकडे बघत नव्हत्या. बाकावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या, तिथं कोणी बसलेलं दिसत असल्यासारख्या. मलाही क्षणभर दिसलं. पांढरं धोतर, मांडीवर टोपी.

संध्याकाळी वहिनींना विचारलं, कारण बोलणं तुमच्या नावाला लागणारं आहे. घरात मुलगा आहे, सून आहे, गाव आहे. वहिनी म्हणाल्या, "त्यायनं कॅमेऱ्यापुढं सांगतलं ना? मंग मी कोण काढणारी."

उद्या तुमचं पुण्यानुमोदन आहे. सकाळी वंदना होईल, त्रिशरण-पंचशील होईल, लोक बोलतील, मास्तर तर नक्कीच बोलतील आणि तुम्हाला बाळा म्हणतील. जेवणं आटोपली की त्याच कार्यालयात सिनेमा लागेल, पुरा. कार्यालयवाल्याला सांगून ठेवलं आहे की उद्या हळद नाही, वेळेचं काही बोलू नको. शोभाताई इंझोरीहून येतील, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे, आणि शेजारची रिकामी.

लोक कंटाळतील, भाऊ. कोणी मोबाईल काढेल, कोणी मुतारीला जाईल. जाऊ द्या. तुम्ही निवांत बसा. उद्या मी टपरीवर जाणार नाही.